जून १९७१, मंडी हाउस

पंजाब मेलने मथुरा सोडलं आणि डब्यातली माणसं बर्थखालच्या वळकट्या ओढायला लागली. तुम्ही मात्र दाराशी उभं राहून अश्वत्थामा पुटपुटताय. व्हीटीला गाडीत बसल्यापासून हेच चालू आहे. समोरचे सावद्याचे केळीचे व्यापारी दिल्लीला वसुलीसाठी निघालेत. त्यांनी रात्रभर ऐकून घेतलं आणि शेवटी भोपाळला चहा घेताना विचारलं, "परीक्षा आहे का?"

"हो."

"कसली?"

"नाटकाची."

त्यांनी जरा वेळ तुमच्याकडे पाहिलं. मग डबा उघडून एक दशमी आणि शेंगदाण्याची चटणी तुमच्या हातावर ठेवली. पुढे काही विचारलं नाही.

या काळात आलाच आहात तर काही गोष्टी विसरून जा. 'घाशीराम कोतवाल' अजून रंगमंचावर आलेलं नाही, त्याला दीड वर्ष आहे. फिरोदिया करंडक सुरू व्हायचाय. पुरुषोत्तम आहे, १९६३ पासून आहे, आणि तो तुम्ही गाजवला असं तुमच्या कॉलेजचं ठाम मत आहे. 'नटसम्राट' गेल्या डिसेंबरात आलं. डॉ. लागूंचा बेलवलकर पाहिल्यापासून मिसरूड फुटलेला प्रत्येक मुलगा थरथरत्या हाताने म्हातारा व्हायला लागलाय. हा मोह तुम्ही टाळलात. दिल्लीला जायचं तर दिल्लीचं काहीतरी न्यावं, असा हिशेब करून तुम्ही 'अंधा युग'मधला अश्वत्थामा उचललात. ज्या नॅशनल स्कूल ऑफ ड्रामाच्या परीक्षेला निघालात, तिथले संचालक अल्काझी यांनी ते नाटक १९६३ मध्ये फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या भिंतींत केलं होतं, पंडित नेहरू बघायला आले होते, हे कुठेतरी वाचलं होतं. नाटक लिहिणारे धर्मवीर भारती सध्या मुंबईतच 'धर्मयुग' चालवतात. ते नाटक अल्काझींच्याही आधी सत्यदेव दुबेंनी मुंबईत उभं केलं. म्हणजे पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबई ओलांडून जे तुम्ही दिल्लीला नेताय, ते मुंबईचंच आहे. पण हे सांगणारं कोणी भेटलं नाही.

नवी दिल्ली स्टेशनवर लू अंगावर येते. पहाडगंजात, नूतन मराठी शाळेच्या अलीकडे, वडिलांच्या ऑफिसातल्या एकांचे भाऊ राहतात. त्यांच्याकडे उतरायचं ठरलंय. काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि पहिला प्रश्न विचारला, "पास झालास तरी तीन वर्षं? आणि मग?" याचं उत्तर तुमच्याकडे नाही. गच्चीवर बाज मिळते. शेजारच्या गच्चीवरचा ट्रान्झिस्टर पूर्व बंगालमधल्या निर्वासितांचे आकडे सांगत असतो आणि तुम्ही चादर डोक्यावरून घेऊन पुन्हा अश्वत्थाम्याकडे वळता.

सकाळी मंडी हाउसच्या चौकात बस सोडते. रवींद्र भवन. टागोरांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६१ मध्ये, हबीब रहमान यांनी बांधलेली इमारत. साहित्य, ललित कला आणि संगीत नाटक, अशा तीन अकादम्या इथे नांदतात आणि नॅशनल स्कूल ऑफ ड्रामा त्यांच्यात भाडेकरूसारखं राहतं. १९५९ मध्ये संगीत नाटक अकादमीनेच ते काढलं. स्वतःचं घर अजून नाही. तरी मागच्या बाजूला जाऊन बघाच. तिथे झाडाखाली 'मेघदूत' नावाचं उघडं नाट्यगृह आहे. अल्काझींनी ते विद्यार्थ्यांना हाताशी धरून उभं केलं. नावही मुंबईतून आलंय. कंबाला हिलवर त्यांच्या घराच्या गच्चीवर जे थिएटर होतं, तेही मेघदूतच. लोक जिने चढून, धापा टाकत तिथे नाटकं बघायला जात.

व्हरांड्यात बाकं टाकलीत. त्यांवर रोहतकचा एक मुलगा आहे, त्याच्या आवाजाने खिडकीची काच हलते. लखनौच्या मुलीचा उर्दूचा उच्चार ऐकून तुमच्या तोंडचं पाणी पळतं. तिघंजण भिंतीकडे तोंड करून पुटपुटताहेत. कान दिलात तर कळेल, तिघेही अश्वत्थामाच आहेत. कोटल्याची गोष्ट त्यांनीही वाचलीय.

तेवढ्यात दोन सीनियर मुलं हसत जिन्यावरून उतरतात. त्यांच्याच वर्षात नसीरुद्दीन शाह आहे, ओम पुरी आहे. गेल्या वर्षी दोघांनी प्रवेश घेतला. दिसलेच तर ओळख दाखवू नका. १९७१ मध्ये त्यांना कोणी ओळखत नाही, आणि तुम्ही सही मागितलीत तर तुमचंच बिंग फुटेल. आणखी एक: याच वर्षी पुण्याची रोहिणी ओक इथे प्रवेश घेणार आहे. पुढे तिला सगळं जग रोहिणी हट्टंगडी म्हणून ओळखेल. तेव्हा बाकावर शेजारी कोण बसलंय, याबाबत जरा सभ्यपणे वागलेलं बरं.

हल्ली या परीक्षेची पहिली फेरी वेगवेगळ्या शहरांत होते, मग निवडलेल्यांना दिल्लीत काही दिवस कार्यशाळेला बोलावतात. तयारी करून घेणारे वर्गही निघालेत. कोणता उतारा 'चालतो' ते तिथे सांगतात. मला त्या वर्गांचं नवल वाटत नाही. व्हरांड्यातल्या त्या तीन अश्वत्थाम्यांना कोणत्याच वर्गाने शिकवलं नव्हतं. काय चालतं याचा अंदाज बांधायची खोड परीक्षेइतकीच जुनी आहे.

तुमचं नाव पुकारलं जातं. ते चुकीचंच पुकारलं जातं, आडनावातला 'ळ' दिल्लीत टिकत नाही.

आत लांबलचक टेबल, मागे चौघंजण. खोली इतकी स्वच्छ की चपला बाहेर काढायच्या होत्या का, अशी शंका यावी. ही अल्काझींची शिस्त. संडास कसा घासायचा हे ते विद्यार्थ्यांना स्वतः घासून दाखवतात, ही कथा पुण्यापर्यंत पोचलेली आहे. टेबलाशी तेही बसलेत. तुमच्या वेळात ते एक शब्दही बोलणार नाहीत, फक्त बघतील.

तुम्ही सुरू करता. आवाज छान लागलाय. भरत नाट्य मंदिराच्या शेवटच्या रांगेपर्यंत जायची सवय असलेला आवाज या खोलीला जरा जास्त होतो, पण थांबायचं कसं? संतापाच्या जागी संताप येतो, वेदनेच्या जागी गळा दाटतो. संपल्यावर टेबलाच्या उजव्या टोकाचे गृहस्थ पेन खाली ठेवतात.

"मराठी हैं आप?"

"जी."

"यही बात अब मराठी में कहिए. कविता नहीं. बस, जो वह कह रहा है."

इथे घोडं पेंड खातं. तुम्ही तोंड उघडता आणि पहिलं वाक्यच सुचत नाही. हा माणूस कुणाला सांगतोय? समोर कोण आहे? त्याला नेमकं काय हवंय? महिनाभर तुम्ही हिंदीचे उच्चार घोटले, श आणि ष वेगळे केले, नुक्ते लावले. त्याचं काय जळतंय, हे मात्र मराठीत स्वतःला एकदाही विचारलं नाही. दोन-तीन तुटकी वाक्यं निघतात. त्यातलं एक, बापाला कपटाने मारल्याबद्दलचं, अगदी साधं, जवळजवळ घरगुती निघतं. कोपऱ्यातल्या बाई मान वर करून बघतात.

हिंदीचा बाऊ मराठी मुलं फार करतात. स्कूल हिंदीचं आहे ही तक्रार खोटी नाही. प्रयोग हिंदीत होतात, आणि ज्याची जीभ त्या भाषेत वाढलेली नाही त्याला पहिलं वर्ष जडच जातं. पण टेबलामागे बसलेला माणूस कुठला आहे? १९२५ मध्ये पुण्यात, अरब व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेला. शाळा सेंट व्हिन्सेंट, म्हणजे तुमच्या सायकलच्या टप्प्यातली. शिक्षण अरबी, इंग्रजी, मराठी आणि गुजरातीत. मग मुंबईचं सेंट झेवियर्स, लंडनचं राडा, मुंबईत इंग्रजी नाटकं. १९६२ मध्ये दिल्लीला आल्यावर त्याने मोहन राकेशांचं 'आषाढ का एक दिन' केलं आणि हिंदी रंगभूमीचं वळणच बदललं. सई परांजपे १९६३ मध्ये इथून शिकून बाहेर पडल्या, उत्तरा बावकर १९६८ मध्ये. गिरीश कर्नाडांचं कन्नड 'तुघलक' हिंदुस्तानीत आणलं ते ब. व. कारंतांनी, आणि कारंतही कन्नडच. भाषेने यांतल्या कुणालाच अडवलं नाही. तुमचीही अडचण वेगळीच होती, आणि ती टेबलामागच्या लोकांनी दहा मिनिटांत हुडकली.

"ठीक है. अब उधर जाइए. स्टोव्ह जलाइए, चाय बनानी है."

कोपऱ्यात काहीच नाही. नुसती फरशी. तुम्ही उकिडवं बसता, भराभर हवा मारता, काडी ओढता, आणि चेहऱ्यावर उजेड पडल्याचा भाव आणता. पुरुषोत्तमला यावर टाळी पडली असती.

"रॉकेल कितना था?"

गप्प.

"फिर से."

आता तुम्ही आधी स्टोव्ह उचलता. कानाशी नेऊन हलवता. तळाशी डुचमळतंय, म्हणजे थोडंच आहे. डबा कुठे असतो? घरी मोरीच्या कट्ट्याखाली. नरसाळं त्याच्या तोंडावरच पालथं. रॉकेल ओतता, सांडतं, बोटं पायजम्याला पुसता, आणि वास जाणार नाही हे आठवतं. काकडा बुडवून बर्नरच्या मानेला अडकवता. पहिली काडी मोडते. ती मोडायची ठरवलेली नव्हती. दुसरी पेटते. आता काकडा जळेपर्यंत थांबायचं.

थांबणं आपल्याला जमत नाही. आपल्या स्पर्धांत दोन सेकंद शांतता झाली की विंगेतला प्रॉम्प्टर जागा होतो. इथे कोणी प्रॉम्प्ट करत नाही. पिवळी ज्योत आहे, काजळी धरतेय, आई मागून म्हणते तसं कुणीतरी म्हणेल, "घाई करू नकोस, भडका उडेल." ज्योत बसायला लागल्यावर तुम्ही हवा मारता. एका बाजूने पेटतं, दुसरी बाजू फुरफुरते. पिन. पिन कुठाय? चहाच्या डब्यामागे, काडेपेटीत खोचलेली. पिन करता, भक् होतं, मान मागे जाते. मग निळी ज्योत, आणि तो एकसारखा आवाज. पातेलं ठेवायला हात पुढे होतो तेव्हा कुणीतरी "बस" म्हणतं. अल्काझी नेमके कधी पुढे झुकले, ते तुम्ही पाहिलंच नाही.

मग प्रश्न येतात. बॅकस्टेजला काय केलंत? खिळा ठोकता येतो का? लाइट कुठून बसतात, माहीत आहे? इथे तीन वर्षांत सुतारकाम, प्रकाशयोजना, वेशभूषा सगळं गळ्यात पडतं. नुसता नट व्हायला आलेल्याची इथे पंचाईत होते. तुम्ही खरं सांगता, की कॉलेजात सेट ज्युनियर लावायचे. टेबलावर कोणी हसत नाही.

निकाल पत्राने कळवणार. बाहेर रोहतकवाला थांबलाय. त्याला झाडू मारायला सांगितलं होतं. तुम्ही दोघं बंगाली मार्केटात छोले-भटुरे खाता, तो एका दमात सांगतो की झाडू मारताना कचरा कुठे नेऊन टाकायचा हेच त्याच्या डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी पहाडगंजात काकू विचारतात, "काय करायला लावलं?"

"स्टोव्ह पेटवायला."

"त्यासाठी दिल्लीला बोलावलं?" त्या तांदूळ निवडायचे थांबतात. "बरं, सांग कसा पेटवलास."

तुम्ही सांगता. रॉकेल, नरसाळं, काकडा, मोडलेली काडी, पिन. त्या ऐकत असतात, मान डोलावतात, आणि मग म्हणतात, "आणि हवेचा स्क्रू? काकडा जळताना सैल होता की घट्ट?"

तुम्हाला आठवत नाही. स्क्रूला तुम्ही हातच लावला नव्हता.

"म्हणजे पहिल्या वेळी हवा मारून आवळलेला तसाच राहिला. तुझ्या त्या साहेबांच्या भुवया जळाल्या असत्या," काकू म्हणतात आणि पाट सरकवतात. "ये इकडे. आजचा भात तूच लाव. रॉकेल आधी बघ."