कुंकुम, कुंकू आणि केशराचा कंद

रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूचे घोडे सिंधूच्या तीरावर लोळून श्रम घालवितात आणि खांद्यांना चिकटलेले कुंकुमाचे केसर झटकून टाकतात. हा भाग शिकविताना 'कुंकुम म्हणजे कुंकू' असा अर्थ वर्गावर्गांतून सर्रास सांगितला जातो. नदीकाठी कुंकू उगवत नाही, एवढा विचार तरी सांगणाऱ्याने करावयास हवा. येथील कुंकुम म्हणजे केशर. काही पोथ्यांत 'सिंधू'च्या जागी 'वंक्षू', म्हणजे आजची आमूदर्या, असा पाठ आहे. गंमत अशी की अमरकोशातही केशराला 'काश्मीरजन्म' आणि 'बाह्लीक' अशी दोन्ही नावे दिलेली आहेत आणि बाह्लीक म्हणजे बल्ख हा प्रदेश आमूदर्येच्या दक्षिणेस आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशाने त्यांत 'पारसीक' ही तिसरी जात घातली व काश्मिरी केशराला श्रेष्ठ ठरविले.

मग हे नाव आपल्या हळदीच्या कुंकवाला कसे चिकटले? आमच्या मते याचे उत्तर किमतीत आहे. एका फुलात तीनच तंतू असतात आणि शेरभर नव्हे, एक किलो सुके केशर जमविण्यास सुमारे दीड लाख फुले खुडावी लागतात. असे द्रव्य घरोघरच्या कपाळी रोज कसे लागावे? हळदीला टाकणखार व लिंबाचा रस यांची जोड दिली की तांबडा रंग उतरतो. करमाळा तालुक्यातील केमचे कुंकू महाराष्ट्रास ठाऊक आहेच. वस्तू बदलली, नाव राहिले. 'केसर' या शब्दाचेही तसेच. वनस्पतिशास्त्रात पुंकेसर म्हणतात ते वेगळे. आपण दुधात घालतो ते तंतू फुलाच्या स्त्रीभागाचे, म्हणजे कुक्षीचे असतात.

अकराव्या शतकात काश्मीर सोडून कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयास आलेल्या बिल्हणाने, कविता आणि केशर ही भावंडे शारदादेशाबाहेर अंकुरलेली आपण पाहिली नाहीत, अशा आशयाची बढाई मारली आहे. कवितेपुरती ती त्याच्या यजमानांनी कशी सहन केली असेल कोण जाणे! केशरापुरती मात्र ती आता तपासून पाहिली पाहिजे. केशराला बी धरत नाही. त्याचा वंश कंदावरच चालतो, आणि कंद माणसाच्या हातानेच दूरदेशी जातो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या वनस्पतीचे मूळ ग्रीसमधील अथेन्सच्या परिसरातील एका रानजातीत दाखविले आहे. म्हणजे पांपूरचे केशरही कधीकाळी पाहुणेच होते.

२०२४ साली आमच्या इंदुरात एका शेतकऱ्याने बंद खोलीत, मातीवाचून, केशर फुलविल्याच्या वार्ता वृत्तपत्रांत आल्या. कंद पांपूरहून आणलेले होते. पुष्कळांना हा चमत्कार वाटला. पण कंदाचा स्वभाव ध्यानात घेतला तर वाटू नये. केशर हे वसंताचे फूल नव्हे, शरदाचे. त्याची कळी उन्हाळ्यातील विश्रांतीत, तेवीस ते सत्तावीस अंश उष्णतेत, कंदाच्या पोटात घडते व सतरा अंशांच्या सुमारास वर येते. ट्यूलिपची व वसंतात फुलणाऱ्या क्रोकसची गोष्ट निराळी. त्यांना फुलण्यापूर्वी कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते. श्रीनगरला २००७ साली खुल्या झालेल्या ट्यूलिप-उद्यानात ती आपोआप मिळते, माळव्यात मिळत नाही. केशराच्या फुलापुरते मात्र यंत्राने खोली थंड केली की भागते.

फुलापुरते, असे आम्ही जाणून म्हणतो. ते फूल पांपूरच्या मातीत साठविलेल्या शिदोरीवर उमलते. फुलल्यावर जुना कंद सुकत जातो आणि हिवाळाभर पाने वाढत असता त्याच्या माथ्यावर नवे कंद पोसले जातात. यासाठी निचऱ्याची जमीन हवी. काश्मिरातील करेवा पठारांवर ती आहे; आमची काळी माती पावसाळाभर पाणी धरून बसते आणि त्यात हे कंद कुजतात. तेव्हा इंदुरी केशराचा हिशेब करताना पहिल्या वर्षीच्या तंतूंचे वजन दुय्यम समजावे. येथेच पोसलेले किती कंद पुढच्या आश्विनात पुन्हा फुलले, तो आकडा आम्हांस हवा आहे.