वार्ताहराची शाळा

वकिलास सनद लागते, वैद्यास पदवी लागते, शिक्षकासही प्रशिक्षणाचें प्रमाणपत्र दाखवावें लागतें. पत्रकर्त्यास मात्र लेखणीखेरीज कांहींच लागत नाहीं, असा समज आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होता. त्या समजास आधारही भक्कम होता. ६ जानेवारी १८३२ रोजीं ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर हे अध्यापक; ‘केसरी’चे जनक चिपळूणकर, टिळक व आगरकर हे तिघेही पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधील शिक्षक. यांपैकीं कोणीही वृत्तपत्रविद्येचा धडा घेतला नव्हता, कारण तो देणारी शाळाच या देशांत नव्हती.

धडा मिळाला तो पत्र चालवितांना, आणि महाग मिळाला. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाविषयीं दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनीं आरोप केले. ज्या पत्रांच्या आधारें ते केले तीं पत्रें बनावट ठरलीं. १८८२ सालीं टिळक-आगरकरांनीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढले. हा कारावास आपण अभिमानानें सांगतों, व तसा तो सांगण्याजोगा आहेही. परंतु हातीं आलेला कागद छापण्यापूर्वीं पारखून घ्यावा, हा त्यांतील दुसरा अर्थ आपल्या चरित्रग्रंथांत फारसा ठसठशीतपणें येत नाहीं. वृत्तपत्रविद्येचें निम्मे शास्त्र त्या एका प्रकरणांत सांठवलेलें आहे.

त्यानंतरची दोन-तीन पिढ्यांची शाळा म्हणजे छापखाना. नवा उमेदवार कचेरींत आला कीं त्याच्या हातीं मुद्रितें पडत. शाईचा वास, खिळे जुळविणाऱ्याची वटवट आणि ऱ्हस्वदीर्घाची चूक राहिल्यास संपादकांचा कटाक्ष, यांतून तो भाषा शिके. मग इंग्रजी तारांचें भाषांतर करावयाचें. तें जमलें कीं स्फुट, आणि फार दिवसांनीं अग्रलेख. या शिक्षणानें मराठीला समर्थ गद्य दिलें, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. पण तें मेजापाशीं बसून लिहावयाचें शिक्षण होतें. बाहेर जावें, दहा माणसांना विचारावें, त्यांच्या सांगण्यांतील विसंगति टिपावी, हें त्यांत जवळजवळ नव्हतेंच. आपलीं जुनीं पत्रें मतांनीं भरगच्च व बातम्यांनीं किरकोळ कां, याचें एक कारण येथें सांपडतें.

अमेरिकेंत मिसूरी विद्यापीठानें १९०८ सालीं पत्रकारितेचें स्वतंत्र विद्यालय काढलें आणि पहिल्याच दिवसापासून विद्यार्थ्यांकडून खरेंखुरें वर्तमानपत्र चालविलें. पुलित्झर यांच्या देणगींतून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील विद्यालय १९१२ सालीं उघडलें. आपल्याकडे अॅनी बेझंट यांनीं १९२० सालीं अड्यार येथें या विषयाचा आरंभ केला; १९३८ सालीं अलीगढला व १९४१ सालीं लाहोरच्या पंजाब विद्यापीठांत तो शिकविला जाऊं लागला. फाळणीनंतर लाहोरचा वर्ग दिल्लीस आला. देशाबरोबर वर्गही निर्वासित झाला, असें म्हटलें तर वावगें होणार नाहीं.

मराठी मुलखांत या विद्येला आरंभीं घर मिळालें तें नागपुरांत. तेथील भूमि नांगरलेली होती. भारतसेवक समाजाचा ‘हितवाद’ १९११ पासून व गोपाळराव ओगल्यांचा ‘महाराष्ट्र’ १९१४ पासून तेथें निघत होता. माडखोलकरांसारखा कादंबरीकार ‘तरुण भारता’चा संपादक होता. शिवाय नागपूर तेव्हां मध्यप्रदेशची राजधानी. १८८३ सालीं स्थापन झालेल्या हिस्लॉप कॉलेजांत १९५२ सालीं पत्रकारितेचा विभाग सुरू झाला. अमेरिकेंतील सिरॅक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वूल्झ्ली त्यासाठीं मुद्दाम आले, आणि दुसऱ्याच वर्षीं भारतीय पत्रसृष्टीवरील एक ग्रंथही त्यांनीं संपादून प्रसिद्ध केला. पुण्यास विद्यापीठाचा असा विभाग निघावयास १९६४ साल उजाडलें. रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूमुळें तो ओळखला जातो.

आतां नागपूर सोडून भंडाऱ्यास जाऊं व तेथून पवनी तालुक्यांतील अड्याळास. मोठ्या पत्रांना अशा गांवांची बातमी कोण पुरवी? मास्तर, दुकानदार किंवा कार्यकर्ता; पुष्कळदां तोच अंकांचा विक्रेता आणि तोच जाहिराती गोळा करणारा. ज्याच्याविरुद्ध लिहावयाचें त्याच्याकडूनच दिवाळीची जाहिरात आणावयाची! श्रमिक पत्रकारांचा १९५५ चा कायदा झाला, पण त्याच्या व्याख्येंत ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता तोच पत्रकार. पुढें दुरुस्ती होऊन अर्धवेळ नोकरीचा उल्लेख आला, तरी मुख्य व्यवसायाची अट राहिलीच. शाळा शहरांत आणि कायदा कचेरीपुरता. खेड्यांतला वार्ताहर दोहोंच्या बाहेर.

याची किंमत भंडारा जिल्ह्यानेंच दाखविली. २९ सप्टेंबर २००६ रोजीं मोहाडी तालुक्यांतील खैरलांजी येथें एका दलित कुटुंबांतील चौघांची निर्घृण हत्या झाली. जिल्ह्याच्या ठाण्यापासून फार दूर नसलेल्या गांवची ही गोष्ट. तरी पहिले कित्येक आठवडे मोठ्या पत्रांतून तिची खरी ओळख वाचकांस झाली नाहीं. नोव्हेंबरांत विदर्भांत लोक रस्त्यावर उतरले तेव्हां देश जागा झाला. वार्ताहर नव्हते असें नव्हे. पोलिसांनीं सांगितलें तेवढ्यावर न थांबतां वस्तींत जावें, वांचलेल्या माणसापाशीं बसावें, हें त्यांना कोणी शिकविलें नव्हतें. आणि ज्याला त्याच परिसरांत नांदावयाचें आहे त्याच्या पाठीशीं कोण उभें राहणार, याचेंही उत्तर कोणीं दिलें नव्हतें. दोष एकट्या वार्ताहराचा मानणें सोपें आहे, पण तें न्याय्य नाहीं.

१९८९ सालीं नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानें मराठींतून व घरबसल्या हा विषय शिकण्याची सोय केली, ही मोठीच गोष्ट होय. अड्याळच्या दुकानदाराला दुकान न सोडतां ती पेलूं शकते. तथापि अशा विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमांत मी पुलित्झरच्या आधीं सातबारा घालीन, ग्रामपंचायतीचा जमाखर्च घालीन, पोलिसांतील फिर्याद कशी वाचावी तें घालीन. त्याच्याच तालुक्यांत गोसीखुर्दचें धरण आहे. कोनशिला १९८८ ची. पाण्याखालीं गेलेल्या शेतांच्या मोबदल्याचे व पुनर्वसनाचे कागद कचेऱ्यांतून पडून आहेत, आणि ते ओळ न ओळ वाचून शेतकऱ्याच्या सांगण्याशीं ताडून पाहणारा मनुष्य त्या गांवांतूनच यावा लागेल.