भोक बुजवलं, किल्ली बाहेरच

23 एप्रिल 2018. लाटव्हियातल्या मायक्रोटिक कंपनीने आपल्या राउटरसाठी 6.42.1 ही आवृत्ती काढली आणि राउटर दुरून चालवायच्या विनबॉक्स या सोयीतलं भोक बुजवलं. विनबॉक्सचा 8291 पोर्ट बाहेरून उघडा असला, की लॉगिन न करताच राउटरमधली पासवर्डची फाईल उचलून नेता येत होती. हा डबा स्वस्त आणि दणकट, म्हणून केबलवाल्यांकडे हमखास दिसतो. नागपूरच्या रामदासपेठेतल्या ज्या दवाखान्याचं नेटवर्क मी सांभाळायचो, तिथेही हाच.

जून. अपडेट टाकलं. पासवर्ड बदला, असंही कंपनीने बजावलं होतं. मी वाचलं आणि कंटाळा केला.

ऑगस्ट, शनिवार, पहाटे 2.47. लॉगमध्ये एक फसलेलं लॉगिन आणि लगेच दुसरं, यशस्वी. नाव 'अ‍ॅडमिन', पत्ता परदेशी. हे मी पाहिलं साडेअकरा तासांनी.

सकाळी 9.30. गोंदिया-बालाघाटकडचे पेशंट येऊन बसलेले. रिसेप्शनच्या कॉम्प्युटरचा पंखा घरघरतोय. फोन आला, "सर, रिपोर्टचं पान उघडूनच नाही राह्यलं."

10.15. पोहोचलो. जीमेल सुरळीत, म्हणजे नेट ठीक. दोष कॉम्प्युटरचा, असं ठरवून अँटिव्हायरस लावला. दिवसातली सगळ्यात महागडी चूक हीच. जीमेल कुलूपबंद एचटीटीपीएसवरून येतं, त्यात वाटेतल्या राउटरला सहज ढवळाढवळ करता येत नाही. बाहेरच्या लॅबचं रिपोर्टचं पान मात्र साध्या एचटीटीपीवर होतं.

12.00. अँटिव्हायरसला काही सापडलं नाही. केबलवाल्याला दोन शब्द सुनावले. त्याची चूक नव्हती.

1.40. तिन्ही काउंटर ठप्प. पावत्या हाताने. दवाखान्याच्या वायफायवर व्हिडिओ शोधत बसलेल्या एका काकांनी मोबाईल पुढे केला, "हा पण तापून राह्यला." तेव्हा ट्यूब पेटली. दोन यंत्रं, एकच रोग. मधे काय, तर राउटर.

2.15. विनबॉक्स उघडलं. आम्ही कधीच न लावलेली वेब प्रॉक्सी, म्हणजे साध्या एचटीटीपीची पानं स्वतःमधून फिरवणारी सोय, चालू. शेड्युलरमध्ये अनोळखी स्क्रिप्ट. प्रॉक्सीच्या एरर पानात कॉइनहाइव्ह या खाणकाम करणाऱ्या स्क्रिप्टचा तुकडा, म्हणजे आमच्या वीजबिलावर कोणीतरी मोनेरो हे आभासी चलन खणत होतं. त्याच सुमारास ब्राझीलमध्ये 70 हजारांहून जास्त राउटर असेच राबवले जात होते.

अपडेटने भोक बुजलं होतंच. पण पासवर्ड त्याआधीच गेलेला. चोर या वेळी किल्ली लावून आला.

2.20. बाहेरची केबल उपटली.

रात्री 8.40. राउटर पुसून नव्याने बसवला. जुना बॅकअप मुद्दाम वापरला नाही. विनबॉक्स फक्त आतल्या दोन पत्त्यांना खुलं ठेवलं. पासवर्ड नवा.

तुमच्या दुकानात, दवाखान्यात त्या काळापासूनचा असा डबा जुन्याच पासवर्डवर चालत असेल, तर अपडेट झालंय म्हणून थांबू नका. पासवर्ड आज बदला, आणि 8291 बाहेरून बंद करा.