मस्टँगची कागदी टाकी

दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँगचे फोटो बघताना माझं लक्ष आधी पंखाखालच्या टाक्यांकडे जातं. त्यातल्या कित्येक चक्क कागदाच्या होत्या! कागदाचे थर चिकटवून इंग्लंडमध्ये बनवलेल्या, साधारण ४०० लिटरच्या. पेट्रोल फार वेळ आत राहिलं तर टाकी खराब व्हायची, म्हणून उड्डाणाच्या जरा आधीच भरायची. शत्रू दिसला की द्यायची टाकून. धातू वाचला, तोही टंचाईच्या काळात.

ह्या टाक्यांची किंमत कळते ती १४ ऑक्टोबर १९४३ ला. त्या दिवशी श्वाइनफुर्टच्या हल्ल्यात ६० अमेरिकन बॉम्बर गेली, प्रत्येकात साधारण दहा जण. सोबतची फायटर इंधन पुरेना म्हणून जर्मन सीमेपाशीच मागे फिरली होती. मार्च १९४४ मध्ये मात्र टाक्या लावलेली मस्टँग बॉम्बरांबरोबर थेट बर्लिनवर पोचली.

आता फोटोतलं मॉडेल ओळखायचं कसं? टाकीवरून तर मुळीच नाही, कारण ती बी, सी, डी सगळ्यांनाच लागायची. बुडबुड्यासारखी काच आणि सहा मशीनगन असतील तर बहुधा पी-५१डी. उंच पाठ आणि चार मशीनगन असतील तर बहुधा बी किंवा सी. ही दोन दिसायला सारखीच, फक्त कारखाने वेगळे, त्यामुळे शेपटीवरचा नंबर वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि हवेतल्या फोटोत टाकी नसलीच, तर कदाचित पायलटनं ती आधीच टाकून दिलेली असेल.