भातुकलीच्या घराचा सातबारा

दिवाळीच्या सुटीत मुले अंगणात किल्ला करतात, तेव्हा जागेचा प्रश्न कधी पडत नाही. विटा, दगड, गोणपाट आणि चिखल एवढ्या साहित्यावर बुरूज उभे राहतात, उतारावर अळीव पेरले जातात, सिंहासनावर मातीचे शिवाजी महाराज विराजमान होतात, पायथ्याशी मावळ्यांचा पहारा लागतो. आणि तुळशीचे लग्न होते न होते तोच हा सारा गड पुन्हा मातीला मिळतो. भातुकलीचे घर तर याहूनही अल्पायुषी. आईची हाक आली की संसार टोपलीत भरावयाचा. आमच्या जैनथ भागात तेलुगू कुटुंबांतून संक्रांतीच्या सुमारास बोम्मल कोलुवु, म्हणजे बाहुल्यांचा दरबार, मांडतात. ख्रिस्ती घरांतून नाताळचा गोठा सजतो. ही सारी एकाच कुळीची बांधकामे. मांडावे, सजवावे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवावे आणि उचलून ठेवावे. या घरांना मालक असतो, पण मालकीचा कागद नसतो. पैनगंगेपलीकडे ज्याला सातबारा म्हणतात आणि अलीकडे आम्ही ज्याला पहाणी म्हणतो, असला उतारा भातुकलीच्या घराचा कुणी मागितल्याचे ऐकिवात नाही.

परंतु समजा, हे खेळातले घर मोडलेच नाही तर? रात्री खेळणारा झोपला तरी ते तेथेच उभे राहिले, आणि शेजारी दुसऱ्याने, तिसऱ्याने, दहा हजाराव्याने घर बांधले तर? हा प्रश्न गेल्या चाळीस वर्षांत खरोखरच उपस्थित झाला आहे आणि त्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. मी त्याकडे वळलो तो एका निबंधामुळे. ‘माझे घर’ या विषयावर वर्गातील एका मुलाने तीन मजल्यांच्या, नदीकाठच्या, निळ्या दिव्यांच्या घराचे असे तपशीलवार वर्णन केले होते की, खोल्यांची मोजमापेसुद्धा चुकली नव्हती. मुलगा दोन खोल्यांत राहणारा. चौकशी केली तेव्हा कळले की, ते घर संगणकावरील खेळातले आहे. त्याने खोटे लिहिले असे मला म्हणवले नाही.

ज्यांना हे खेळ ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दूरदूरच्या गावांतील हजारो माणसे तारायंत्राने जोडलेल्या पडद्यावर एका कल्पित राज्यात एकत्र येतात. प्रत्येकाने एकेक सोंग घेतलेले असते. कुणी योद्धा, कुणी लोहार, कुणी जादूगार. हे राज्य खेळणाऱ्याच्या घरी नसते. ते चालवणाऱ्या कंपनीच्या यंत्रावर अहोरात्र चालू असते. आपण पडदा बंद केला तरी तेथे सूर्य उगवतोच.

असल्या राज्याचा एक आद्य प्रयोग म्हणजे १९८६ साली अमेरिकेत लुकासफिल्म कंपनीने चाचणीदाखल चालवलेला ‘हॅबिटॅट’. त्याचे रचनाकार चिप मॉर्निंगस्टार आणि रँडल फार्मर यांनी पुढे आपला अनुभव लिहून ठेवला आहे. त्यांच्यापुढे वीस हजार रहिवाशांची वस्ती वसवण्याचे उद्दिष्ट होते. म्हणजे वीस हजार घरे, त्यांची गावे, त्यांना जोडणारे रस्ते, बाजार आणि मधली रानेसुद्धा. प्रत्येक सोंगास एक घर द्यावयाचे हे ठरलेलेच होते. पाहता पाहता या दोघा अभियंत्यांवर नगररचनाकाराची पाळी आली, आणि एवढे सारे वरून आखून देणे मनुष्याच्या आवाक्यातले नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९८९ मध्ये, कार्नेगी मेलन विद्यापीठातील जेम्स ॲस्प्नेस याने ‘टायनीमड’ नावाचे राज्य रचले. त्यात चित्रे नव्हतीच, सारे शब्दांत. खेळणाऱ्याने एक आज्ञा लिहिली की नवी खोली निर्माण होई, आणि ती कशी दिसते हे त्यानेच वाक्यांनी सांगावयाचे. येथे सजावट म्हणजे गद्य! ज्याची भाषा चांगली त्याचा दिवाणखाना चांगला. भाषाशिक्षक या नात्याने मला हे घर सर्वांत आवडते, हे सांगून टाकतो. जागाही मुबलक होती, कारण खोलीस शब्दांहून अधिक काही लागत नव्हते. पण मुबलक जागेत इतक्या खोल्या झाल्या की तो डोलारा आवरेना, आणि १९९० मध्ये मूळ टायनीमड बंद झाले.

खरा जमिनीचा प्रश्न उभा राहिला तो १९९७ च्या सप्टेंबरात, ‘अल्टिमा ऑनलाइन’ सुरू झाला तेव्हा. रिचर्ड गॅरियट याच्या कल्पनेतील ब्रिटानिया नावाचे हे राज्य. तेथे घर हवे असेल तर आधी सुवर्णमुद्रा कमवाव्या लागत: रानात शिकार करून, खाणीत धातू खणून किंवा शिवणकाम करून. मग नगरातून घराचे खत विकत घ्यावयाचे आणि ते घेऊन मोकळी, सपाट, झाडाझुडपांचा अडथळा नसलेली जागा शोधत हिंडावयाचे. मोठ्या किल्ल्याचे मोल दहा लाख मुद्रांहून अधिक होते. जागा सापडली की खत वापरावयाचे आणि क्षणार्धात घर उभे राहावयाचे. येथवर सारे भातुकलीसारखेच. पण ब्रिटानियाची भूमी मोजकी होती आणि खेळणारे वाढत होते. काही महिन्यांतच परिस्थिती अशी झाली की खत हातात आहे, पैसा आहे, पण टेकायला जागा नाही. राने घरांनी गजबजली. मग मोक्याच्या जागा हेरून ठेवणारे आले, दलाल आले, आणि ही कल्पित घरे ईबे नावाच्या लिलावाच्या बाजारात खऱ्या डॉलरांना विकली जाऊ लागली. ज्युलियन डिबेल या अमेरिकन पत्रकाराने २००३ साली ‘वायर्ड’ मासिकात या व्यापाराची हकीकत लिहिली, तेव्हा पुष्कळांनी तिला थट्टा समजून हसण्यावारी नेले असेल. खरेदी करणारे मात्र थट्टेने पैसे मोजत नव्हते.

आरंभी या घरांची किल्ली ही खरोखरीची वस्तू होती. रानात तुम्हांला कुणी मारले तर तो तुमच्या झोळीतून किल्ली काढून घेई आणि तुमचे घर धुऊन नेई. पुढे वस्तू जागच्या जागी खिळवून ठेवण्याची सोय झाली, तेव्हा कोठे सजावटीला खरा बहर आला. आणि काय ती सजावट! खेळाच्या निर्मात्यांनी ब्रिटानियात पियानो ठेवलाच नव्हता. हौशी लोकांनी लाकडी पेट्या, कापडाच्या घड्या, सोंगट्यांचे पट असले काहीबाही एकावर एक रचून त्याचा हुबेहूब पियानो केला. तो वाजत नसे, पण पाहणाऱ्याला थबकायला लावी. कुणी दुर्मीळ वस्तूंचे संग्रहालय मांडले, कुणी स्वतः लिहिलेल्या पुस्तकांचे ग्रंथालय, कुणी खानावळ. दाराशी एक पाटी असे, तिच्यावर मालकाने घराचे नाव लिहावयाचे. आमच्या जैनथला परमार राजा जगद्देवाच्या काळचा शिलालेख आहे. लोलार्काची पत्नी पद्मावती हिने निंबादित्याचे मंदिर बांधल्याची नोंद त्यात आहे. सुमारे नऊशे वर्षे झाली, तरी तिचे नाव वाचता येते. बांधलेल्या वास्तूवर आपले नाव असावे ही ओढ दगडाला आणि पडद्याला सारखीच लागू पडते. फरक इतकाच की, पद्मावतीच्या पाटीला मुदत नव्हती.

ब्रिटानियातल्या घराला मुदत होती. जागा अडवून मालक निघून जातात म्हणून असा नियम झाला की, ठराविक दिवसांत मालकाने येऊन दार उघडले नाही तर घर जीर्ण होत जाईल. पाटी पाहिली की त्याची अवस्था कळे: नव्यासारखे, किंचित जीर्ण, बरेच जीर्ण आणि शेवटी ‘कोसळण्याच्या बेतात’. या शेवटच्या पायरीला घर आले की त्याच्याभोवती माणसे जमत. तासन्‌तास तिष्ठत. घर कोसळले की आतले सारे सामान उघड्यावर पडे आणि जमलेले लोक ते लुटत. मोकळ्या झालेल्या तुकड्यावर ज्याचे खत प्रथम पडेल त्याचे घर. मे २००० मध्ये कंपनीने या राज्याची दुसरी प्रत काढली. जणू दुसरी पृथ्वीच खुली झाली. पण तीही लवकरच भरून गेली.

श्रोते हो, ज्या पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यात जोडेघाटच्या डोंगरावर जमीन आणि जंगल यांच्या हक्कासाठी लढताना १९४० साली कोमरम भीम धारातीर्थी पडला, तेथे राहणाऱ्या माणसाने खेळातल्या जमिनीची गोष्ट सांगावी हे काहींच्या कानांना खटकेल. खटकावे हेच योग्य. खेळातील जमिनीवर कुणाचे पोट नाही, आणि तेथून उठवले गेल्याने कुणी उपाशी मरत नाही. तथापि एक साम्य नजरेआड करता येत नाही. आमच्याकडे हैदराबाद संस्थानातील जहागिरी १९४९ मध्ये गेल्या आणि १९५० मध्ये कूळकायदा झाला. त्यात ‘संरक्षित कूळ’ ही संज्ञा आली. मुंबई इलाख्याचा कायदा १९४८ चा. या कायद्यांचे सार हेच की, ज्याने वर्षानुवर्षे घाम गाळला त्याला धन्याच्या मर्जीने उठवता येऊ नये. आता खेळातल्या घराकडे पाहा. मुद्रा खेळणाऱ्याने कमावल्या, कष्ट त्याचे, कल्पकता त्याची, शिवाय दरमहा वर्गणी त्याची. पण प्रवेशावेळी तो ज्या लांबलचक करारनाम्याला न वाचता होकार देतो त्यात सामान्यतः असे म्हटलेले असते की, यातील काहीही त्याचे नाही, कंपनीने त्याला केवळ वापरण्याची परवानगी दिली आहे. तो मालक नाही. संरक्षित कूळही नाही.

हा प्रश्न एकदा न्यायालयाच्या पायरीपर्यंत पोहोचला. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘सेकंड लाइफ’ या कल्पित जगात लिंडन कंपनी जमीन चक्क खऱ्या पैशाला विके, आणि मालकी तुमचीच असे सांगे. मार्क ब्रॅग या वकिलाने लिलावातील एका वाटेने स्वस्तात जमीन मिळवली. कंपनीच्या मते ती वाट गैर होती. तिने त्याचे खाते गोठवून सारी मालमत्ता काढून घेतली. ब्रॅगने दावा लावला. वाद लवादापुढेच न्यावा हे करारातील कलम एकतर्फी व अन्याय्य आहे, असे पेनसिल्व्हेनियातील संघीय न्यायालयाने मे २००७ मध्ये ठरवले. पण त्याच वर्षी उभयतांची तडजोड झाली, आणि जमीन कुणाची हा मुख्य मुद्दा अनिर्णित राहिला. माझ्या मते ही तडजोड झाली नसती तर बरे झाले असते.

न्यायालयात जे ठरले नाही ते खेळांच्या धन्यांनी आपापल्या परीने ठरवले. ‘फायनल फँटसी १४’ या जपानी खेळात २०१३ च्या डिसेंबरात घरे आली. टुमदार वस्त्या, आखीव वाडे, पण संख्या मोजकी. रिकामा झालेला भूखंड केव्हा विक्रीस खुला होणार हे गुपित ठेवलेले असे. म्हणून माणसे पाटीपुढे उभी राहून तासन्‌तास कळ दाबत बसत. अखेर एप्रिल २०२२ मध्ये सोडत सुरू झाली. आपल्याकडे गृहनिर्माण मंडळाची निघते तशीच! पहिल्याच सोडतीत निकालाचा घोळ होऊन अनेक भूखंडांना ‘शून्य’ क्रमांक विजयी लागला आणि ती दुरुस्त करावी लागली, हेही काही आपल्याला नवे नाही. या खेळात पंचेचाळीस दिवस घरात पाऊल टाकले नाही तर घर पाडले जाते. मात्र २०२० च्या महामारीत ही पाडापाडी स्थगित ठेवण्यात आली. आजारी माणसाने घर राखण्यासाठी अंथरुणातून उठून यंत्रापुढे बसावे, अशी अपेक्षा धरणे त्या कंपनीलाही प्रशस्त वाटले नसावे.

पण धनीच दुकान मिटून गेला तर? ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ या खेळात २००३ पासून खेळणाऱ्यांनी स्वतः नगरे वसवली होती. तेथे घरपट्टी होती, निवडणुका होत, नगराध्यक्ष असे. १५ डिसेंबर २०११ रोजी कंपनीने तो खेळ बंद केला आणि ती सारी नगरे, घरांतील शेवटच्या दिव्यासकट, एका क्षणात मावळली. पुढे त्या खेळाच्या चाहत्यांनी त्याची यंत्रणा स्वतः पुन्हा रचण्याचा उद्योग केला. परंतु जुनी घरे त्यात परत आली नाहीत. ती ज्याची त्याने नव्याने बांधावयाची.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या २००४ पासून चाललेल्या विख्यात खेळात एकवीस वर्षे घरे नव्हती. ती २०२५ च्या डिसेंबरात आली. मागच्यांना लागलेली ठेच पाहूनच असेल, पण कंपनीने आधीच जाहीर केले होते की घर सर्वांना मिळेल, सोडत नसेल आणि वर्गणी थांबली म्हणून ते जप्त होणार नाही. वस्त्या सुमारे पन्नास-पन्नास घरांच्या. एक भरली की दुसरी निघते. जमीन अनंत केली की जमिनीचा तंटा मिटतो, हे खरेच. पण मोक्याची जागा ही वस्तू त्याबरोबर संपते, आणि नदीकाठचे ते घर आपल्यालाच मिळाले याचा आनंदही थोडा उतरतो, अशी कुरकुर जुने लोक करतील.

ब्रिटानिया मात्र अजून चालू आहे. १९९७ पासून कंपन्या बदलल्या, वस्ती विरळ झाली, तरी दिवे मालवले नाहीत. तेथील जुन्या नियमातली एक गोष्ट राहिली. दार मालकानेच उघडले पाहिजे असे नव्हते. मालकाने ज्याचे नाव मित्र म्हणून घराच्या पाटीत नोंदवून ठेवले असेल, त्याने येऊन दार लोटले तरी घराची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असे.