होसकोट्याचा जमाखर्च

बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेला निघाले की व्हाइटफील्डचा फाटा मागे पडतो आणि पुढे होसकोटे येते. कानडीत नावाचा अर्थ नवा किल्ला. १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार रणदुल्लाखान याने बंगळूर घेतले, आणि विजापूरकरांनी बंगळूर, होसकोटे, कोलार हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत घातला. पुढे मोगल आले, म्हैसूरकर आले, मराठे पुन्हा आले; १७६१ मध्ये निजामाच्या भावाने, बसालतजंगाने, होसकोटे घेतले, मग म्हैसूरचा हैदर अली आला. १७६८ च्या ऑगस्टमध्ये मराठा सरदार मुरारराव घोरपड्यांच्या इथल्या छावणीवर हैदरने रात्री छापा घातला, तो फसला. निशाणे अशी बदलत राहिली. शेतसारा मात्र धनी कोणीही असो, दरसाल मोजावाच लागे, आणि मोजणाऱ्या कारकुनाची गरज प्रत्येक धन्याला होती.

व्हाइटफील्डच्या संगणकी कचेऱ्यांत शिरू पाहणारी मुले विचारतात, जावा शिकू की पायथन? त्यांनी या कारकुनाकडे पाहावे. त्याची दिसणारी विद्या म्हणजे मोडी लिपी: आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग बोरू शक्यतो न उचलता तिला अक्षरे लटकवत जायचे. पण पोट भरत होते ते पुढच्या कामावर. रोजकीर्दीतली नोंद खतावणीत योग्य खात्यावर चढवायची, तेरीज, म्हणजे बेरजांचा गोषवारा, काढायची, आणि ताळा जमला नाही तर चूक कुठल्या दिवसाच्या कुठल्या रकमेत आहे ते मागे मागे जात शोधायचे. हे मोडीत जमणाऱ्याला दुसऱ्या लिपीतही जमते. हैदरच्या दप्तरात कानडीबरोबर मराठी चाले, त्याच्या मुलाने, टिपूने, फारसीचा आग्रह धरला. लिपी अडली तर शिकता येते, दुभाषाही मिळतो. रकमेची चूक शोधणारा सहज मिळत नाही.

यावर रास्त आक्षेप असा की कारकुनी गुणांवर नव्हे, जातीवर आणि नात्यागोत्यावर मिळे. खरे आहे, आणि ते झाकून त्या काळाचे गोडवे गाऊ नयेत. पण जन्माने दार उघडले तरी नव्या धन्यापुढे हिशेब लागलाच पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: लिपी शतकाने बदलते, संगणकाच्या भाषा दशकाने, आणि आता तर यंत्रच कोड लिहू लागले आहे. तरी कोबोल १९५९ च्या सुमारास जन्मली आणि अजून बँकांमध्ये राबते आहे. माहिती तक्त्यांत मांडण्याचा संगणकशास्त्रज्ञ कॉडचा विचार १९७० चा, त्यावरच आजचे बरेच व्यवहार उभे आहेत. खतावणीची शिस्त याहून फार वेगळी नाही. यंत्राने लिहिलेला कोड चालतो. तो बरोबर आहे का, हे ठरवायला कोणाला तरी त्या धंद्यातला व्यवहार कळावा लागतो. ज्याला फक्त अक्षर वळणदार काढता येत होते, त्याचे काम छापखान्याने आणि टंकयंत्राने नेलेच की!

पूर्णय्यांचे उदाहरण घ्या. सुरुवात एका व्यापाऱ्याच्या दुकानात हिशेब लिहिण्यापासून झाली. तिथून ते हैदरच्या चाकरीत गेले, मग टिपूच्या. आणि १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर, टिपूच्या या अधिकाऱ्याला इंग्रजांनी म्हैसूरच्या वोडेयर राजांचा दिवाण नेमले. १८११ पर्यंत ते त्या पदावर होते.