जुने व्हिडिओ गेम, नवे पडदे : चित्रसुधारणेचा एक पेच

सेगा कंपनीचे मेगा ड्राइव्ह हे खेळयंत्र १९८८ मध्ये जपानमध्ये विक्रीस आले, तेव्हा चित्रनळीचे दूरचित्रवाणी संच सर्वत्र रूढ होते. विषम व सम रेषा आलटून पालटून उमटविण्याऐवजी ते यंत्र बहुधा त्याच रेषांवर पुन्हा पुन्हा चित्र रेखाटी. अनेक सपाट संच या संकेताला गुंफलेल्या रेषांचे चित्र समजतात. परिणामी हलत्या आकृतींच्या कडा फाटतात.

यावरील उपाय परिचित आहेत. प्रत्येक रेषा दोन वा अधिक वेळा पाठविणारे रूपांतरक वापरले जातात. तसेच लाल, हिरवा व निळा हे संकेत स्वतंत्र तारांनी घेतले जातात. (फ्रान्समध्ये अशा जोडणीची सोय नव्या संचांवर १९८० पासून सक्तीची होती.)

तथापि खरा प्रश्न येथेच उद्भवतो. १९९१ च्या ‘सॉनिक द हेजहॉग’मधील धबधबा एकाआड एक उभ्या पट्ट्यांनी रंगविलेला आहे. सर्व रंग एकत्र वाहून नेणाऱ्या कंपोझिट जोडणीत त्या पट्ट्या परस्परांत मिसळत आणि पाणी पारदर्शक भासे. स्वच्छ संकेतात मात्र पाण्याऐवजी चिकाचा पडदा दिसतो! हा पुसटपणा निव्वळ दोष नव्हता; रंगछटांची उणीव तो भरून काढीत असे. म्हणून काही रूपांतरकांत आता तीच धूसरता हेतुपुरस्सर निर्माण करण्याची सोय असते.